डायरीतील सात ठिपके : लघवीतील रक्त आणि चौदा महिन्यांचा उशीर

पहाटे साडेतीनच्या सुमारास ५७ वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आणले. आदल्या संध्याकाळपासून त्यांना लघवी झालेली नव्हती, ओटीपोट फुगून घट्ट झाले होते आणि वेदनेमुळे त्यांना ना बसवत होते ना उभे राहवत होते. मूत्रमार्गातून नळी घातल्यावर आधी रक्ताच्या गुठळ्या आल्या आणि मग लालभडक लघवी. गुठळ्या काढून, मूत्राशय नळीवाटे सतत धुवत ठेवून रक्तस्राव आटोक्यात आणेपर्यंत उजाडले. त्या धावपळीत तिथल्या डॉक्टरांनी विचारले, "असं रक्त याआधी कधी गेलं होतं?" "नाही, पहिल्यांदाच," असे उत्तर त्यांनी दिले. पत्नी आणि मुलगा खाटेशेजारीच उभे होते.

हे उत्तर खरे नव्हते. पहिल्यांदा रक्त दिसले त्याला तेव्हा चौदा महिने होत आले होते.

मी या कुटुंबाचा फॅमिली डॉक्टर. त्या चौदा महिन्यांत हे गृहस्थ माझ्याकडे दोनदा येऊन गेले होते, आणि दुसऱ्या भेटीत त्यांनी मला जवळजवळ सगळे सांगितले होते. मला ते ऐकू आले नाही. त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असा तपशील वगळून, हे प्रकरण मी सविस्तर मांडत आहे. "पुरुष दवाखान्यात उशिरा येतात" हे वाक्य आम्ही डॉक्टर इतक्या सहजपणे म्हणतो की त्यापुढचा विचार करायचा राहूनच जातो. हा उशीर नेमका कुठे, कोणत्या क्षणी आणि कोणाच्या हातून होतो, हे निदान एका माणसाच्या बाबतीत तरी नीट पाहता यावे, यासाठी हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

हे गृहस्थ एका कारखान्यात यंत्रांच्या देखभाल विभागाचे फोरमन आहेत. नोकरीची पहिली सहा वर्षे त्यांनी कापड रंगवण्याच्या खात्यात काढली होती. वयाच्या विसाव्या वर्षी लागलेली सिगारेट त्यांनी नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या निश्चयाने सोडली. तोवर दिवसाला दहा-बारा सिगारेटी होत असत. रक्तदाब किंवा मधुमेह नाही, असे ते सांगत. मात्र मधुमेहाबाबतच्या या "नाही"चा अर्थ सहा वर्षांत रक्तातली साखर कोणी तपासलीच नव्हती, एवढाच होता.

रंगखाते आणि सिगारेट या दोन्ही गोष्टी या प्रकरणात महत्त्वाच्या आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण तंबाखूचा धूर हे असून सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये त्याचा वाटा असतो. धुरातली कर्करोगकारक द्रव्ये मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत येतात आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला तासन् तास चिकटून राहतात. सिगारेट सोडल्यावर धोका उतरतो, पण कधीच न ओढणाऱ्याइतका तो पुष्कळ वर्षे होत नाही. रंगांचे म्हणाल तर, कृत्रिम रंगांच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयात गाठी आढळत असल्याची नोंद जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच केली होती. जगभरात दरवर्षी या कर्करोगाचे सहा लाखांच्या आसपास नवे रुग्ण आढळतात आणि त्यांतले साधारण तीन चतुर्थांश पुरुष असतात. म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, सिगारेट ओढलेला, रंगखात्यात राबलेला पुरुष माझ्यासमोर दोनदा बसून गेला. ही सगळी माहिती माझ्या जुन्या कागदांवर माझ्याच अक्षरात लिहिलेली होती.

सात ठिपके

रुग्णालयात दाखल झाल्याच्या चौथ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो. पत्नी घरी गेलेली होती. त्यांनी उशाखालून खिशात मावेल अशी एक डायरी काढून माझ्या हातात दिली. तीत रोजच्या तारखेखाली यंत्राचा क्रमांक, बदललेले बेअरिंग, घातलेले तेल, पुढच्या तपासणीचा दिवस अशा बारीक, सरळ ओळीतल्या नोंदी होत्या. सात तारखांच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा एकेक ठिपका होता. "त्या त्या दिवशी लाल झाली होती," एवढेच ते बोलले.

पहिला ठिपका चौदा महिन्यांपूर्वीचा. दुसरा त्यानंतर सात आठवड्यांनी. मग साडेतीन महिने काहीच नाही. पुढचे दोन महिन्या-महिन्याच्या अंतराने आणि शेवटचे तीन अवघ्या पाच आठवड्यांत. आजाराची चाल इतकी स्वच्छ मांडलेली टिपणे मी क्वचितच पाहिली आहेत. ती ज्याने केली त्या माणसाला "आरोग्याकडे दुर्लक्ष करणारा" म्हणणे मला आता जमत नाही. त्यांचे लक्ष होते. लक्ष ठेवणे आणि कोणाला तरी सांगणे, या दोन गोष्टींमध्ये त्यांच्यापाशी मोठी दरी होती आणि ती ठिपक्यांनी बुजणारी नव्हती.

लघवीतून वेदनेविना जाणारे रक्त माणसाला फसवते ते थांबते म्हणून. गाठीच्या पृष्ठभागावरच्या नव्या रक्तवाहिन्या नाजूक असतात. एखादी फुटते, रक्त जाते, तिथे गुठळी धरते आणि लघवी पुन्हा पूर्वीसारखी स्वच्छ दिसू लागते. गाठ मात्र होती तिथेच असते आणि वाढत असते. प्रत्येक ठिपक्यानंतर दुसऱ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली की ते स्वतःशी म्हणत, "गेलं." मोठ्या वयात असे डोळ्यांना दिसणारे रक्त एकदा जरी गेले तरी मूत्रमार्गाची संपूर्ण तपासणी करावी लागते, कारण अशा दर दहा जणांमागे साधारण एक ते दोन जणांत कर्करोग सापडतो. उरलेल्यांत मुतखडा, जंतुसंसर्ग, प्रोस्टेटची वाढ यांसारखी कारणे असतात, आणि त्यांपैकी काहींमध्ये कोणतेच कारण हाती लागत नाही. रक्त आपोआप थांबले, यावरून यांतले काहीही ठरत नाही.

दवाखान्यातील दोन भेटी

पहिल्या ठिपक्यानंतर तिसऱ्या महिन्यात ते कामावर हाताला झालेली जखम घेऊन आले. मी टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि ड्रेसिंगसाठी बोलावले. ड्रेसिंगला ते एकदाही चुकले नाहीत. कामावर झालेली, सर्वांना दिसणारी, सुटीचे कारण म्हणून वरिष्ठांना सांगता येणारी ही जखम होती. तिच्यासाठी दवाखान्यात येण्यात त्यांना कसलाच संकोच नव्हता. त्या सगळ्या भेटींत मिळून मी विचारलेला प्रश्न एकच : "बाकी सगळं ठीक ना?" आपल्या भाषेत या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते. "ना" म्हणताना विचारणाराच होकार पुढे करून ठेवतो आणि समोरच्याने तो फक्त उचलायचा असतो.

दुसरी भेट दहाव्या महिन्यातली. कारखान्याला हवे असलेले तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र घेण्यासाठी ते आले होते. रक्तदाब, नाडी, नजर तपासून मी सही केली. "इतर तक्रार" या रकान्यात "नाही" असे मीच लिहिले. ते उठले, दारापर्यंत गेले, दाराच्या कडीवर हात ठेवून वळले आणि म्हणाले, "डॉक्टर, उष्णतेने लघवी लाल होते का हो कधी?"

बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी मान वर न करता म्हणालो, "पाणी कमी पडलं की गडद होते. पाणी वाढवा."

त्यांनी विचारले होते लाल, मी ऐकले गडद. "कोणाची? कधी? किती वेळा?" हे तीन प्रश्न मी विचारले असते तर रोगनिदान चार महिने आधी झाले असते. पुढे त्यांनी मला सांगितले की त्या उत्तराने त्यांना फार हलके वाटले होते. त्या दिवसापासून ते रोज मोजून तीन लिटर पाणी पिऊ लागले. पाण्याने लघवी फिकी झाली, तिच्यातला लालपणा कमी दिसू लागला आणि माझ्या उत्तरावरचा त्यांचा विश्वास वाढला. माझा निष्काळजी सल्ला अशा रीतीने रोग झाकायच्या कामी आला.

दाराच्या कडीवर हात ठेवून विचारलेला प्रश्न हाच बहुतेक वेळा येण्यामागचा खरा प्रश्न असतो, हे प्रत्येक अनुभवी डॉक्टरला ठाऊक असते. मलाही ठाऊक होते. तरीही तो निसटला, म्हणून इथे तो लांबण लावून लिहिला आहे.

निदान

सोनोग्राफीत मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर साडेतीन सेंटिमीटरची वाढ दिसली. दुर्बिणीतून ती खरवडून काढून तपासणीला पाठवली असता उच्च श्रेणीचा, म्हणजे वेगाने वाढू शकणारा, कर्करोग असल्याचे आणि तो मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत शिरल्याचे स्पष्ट झाले. सीटी स्कॅनमध्ये बाहेर कुठे पसरल्याची खूण नव्हती.

स्नायू हीच या आजारातली सीमारेषा आहे. निदानाच्या वेळी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत कर्करोग अस्तरापुरताच असतो. तो दुर्बिणीतून काढता येतो आणि पुन्हा उद्भवू नये म्हणून मूत्राशयात औषध सोडता येते. क्षयरोगावरची बीसीजी लसच त्यासाठी मूत्राशयात सोडण्याची पद्धत १९७६ पासून प्रचारात आली आणि आजही तिला तोड नाही. कर्करोग स्नायूत शिरला की मात्र प्रश्न मूत्राशय ठेवण्याचा की काढण्याचा, इथपर्यंत येतो. पहिल्या ठिपक्याच्या वेळी यांचा कर्करोग अस्तरातच होता का, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. काही गाठी सुरुवातीपासूनच आक्रमक असतात. परंतु चौदा महिने ही मुदत कोणत्याही बाजूने पाहिली तरी कमी नव्हे.

उशीर कुठे झाला

अमेरिकेतील संशोधक मार्टिन सेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये उपचार घेण्यातील विलंबाचे तीन टप्पे मांडले. आपल्याला काही झाले आहे हे ठरेपर्यंतचा पहिला, डॉक्टरकडे जायला हवे हे ठरेपर्यंतचा दुसरा आणि प्रत्यक्ष जाईपर्यंतचा तिसरा. ही मांडणी घेऊन मी त्यांच्याशी तीन वेळा, सावकाश बोललो.

पहिला टप्पा फार लांबला नव्हता. दुसऱ्या ठिपक्यालाच त्यांना हे साधे नसल्याचे उमगले होते. "एकदा झालं तर योगायोग, दोनदा झालं म्हणजे बिघाड आहे हे मला कळतं," ते म्हणाले. मी विचारले, यंत्रात असा मधूनच येणारा आणि मधूनच थांबणारा आवाज आला असता तर काय केले असते? "त्याच दिवशी मशीन उघडलं असतं," ते म्हणाले. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "पण मशीन बंद ठेवलं तर त्याचं काम दुसऱ्या मशीनवर टाकता येतं, डॉक्टर. माझं काम कोणावर टाकायचं?"

सगळा उशीर दुसऱ्या टप्प्यात, या प्रश्नापाशी, साचला होता. मुलाने नुकतीच नोकरी बदलली होती, घराचे हप्ते चालू होते, आणि आपण आजारी पडलो तर घराचा आधार डळमळेल, असे त्यांना मनापासून वाटत होते. आजार असणे आणि आजार माहीत होणे यांत त्यांना भीती दुसऱ्या गोष्टीची होती. आजाराला नाव मिळाले नाही तोवर ते कमावते गृहस्थ होते. नाव मिळाले की ते पेशंट होणार होते. बरे करण्याच्या संधीची किंमत त्यांनी या हिशेबात धरलीच नव्हती, कारण लवकर कळले तर उपचार सौम्य असतात हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कर्करोग म्हणजे संपले, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि त्या समजुतीने पाहिले तर न विचारणे हेच शहाणपणाचे ठरते.

त्याच्या जोडीला लाज होती. एका सहकाऱ्याने त्यांना सांगितले होते की लघवीच्या जागेतून दुर्बीण घालतात. ही तपासणी जागा बधिर करणारी जेली लावून बहुधा काही मिनिटांत आटोपते, अस्वस्थ वाटते पण सोसण्यापलीकडचे काही नसते, हे सांगणारे त्यांना कोणी भेटले नाही. स्वच्छतागृहातून बाहेर पडताना ते दोनदा पाणी सोडत. पत्नीने एकदा धुवायच्या कपड्यांवर डाग पाहून विचारले तेव्हा "गंजाचा आहे, कारखान्यातला," असे सांगून त्यांनी विषय मिटवला. त्या मला म्हणाल्या, "हे खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत, म्हणून मी परत विचारलंच नाही."

तिसरा टप्पा वरवर क्षुल्लक वाटेल असा आहे. दवाखान्याची वेळ आणि त्यांच्या कामाच्या पाळीची वेळ एकच होती. रजेच्या अर्जात कारण लिहावे लागते. "लघवीतून रक्त" हे शब्द वरिष्ठांच्या टेबलावर ठेवण्यापेक्षा त्यांनी वार्षिक प्रमाणपत्राची वाट पाहिली, म्हणजे येण्याला एक प्रतिष्ठित निमित्त मिळेल. आणि त्या निमित्ताच्या आडून, दारात उभे राहून, त्यांनी तो प्रश्न विचारला.

याला पुरुषी अहंकार म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते अपुरे आणि काहीसे अन्यायाचे वाटते. जगातल्या जवळजवळ सर्व देशांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात आणि जागतिक सरासरीत हे अंतर सुमारे ५ वर्षांचे आहे. त्यात जैविक कारणे आहेत, व्यसने, अपघात आणि कामाचे स्वरूप आहे. उशिरा येणे हेही आहे. स्त्रीचा दवाखान्याशी संबंध पाळीच्या तक्रारी, गर्भारपण, मुलांची लसीकरणे यांतून अनेक वर्षे टिकून राहतो. बालपणीच्या लसी संपल्यावर पुरुषाला दवाखान्यात ठरावीक वेळी बोलावणारे असे कोणतेच निमित्त उरत नाही. त्याला प्रत्येक वेळी तक्रारच घेऊन यावे लागते, आणि तक्रार करणे हेच तर त्याला कमीपणाचे वाटत असते.

याच आजाराची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. स्त्रियांना हा कर्करोग कमी होतो, पण झाला तर त्यांचे निदान अनेकदा अधिक पुढच्या अवस्थेत होते, कारण लघवीत रक्त आल्याचे सांगूनही त्यांना जंतुसंसर्गाची औषधे पुन्हा पुन्हा दिली जातात. तिथे सांगितलेले मनावर घेतले जात नाही आणि इथे सांगितलेच जात नाही. माझ्या या रुग्णाच्या वाट्याला दुर्दैवाने दोन्ही आले.

उपचार आणि न विचारलेला प्रश्न

त्यांच्यापुढे दोन मार्ग ठेवण्यात आले. पहिला, आधी केमोथेरपी आणि मग मूत्राशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. दुसरा, गाठ दुर्बिणीतून शक्य तेवढी काढून किरणोपचार आणि केमोथेरपी एकत्र देणे, ज्यात मूत्राशय राखता येते. पहिल्या सल्लामसलतीत त्यांनी खर्च, रजा आणि जड वजन कधी उचलता येईल, एवढेच विचारले. पुरुषांत या शस्त्रक्रियेत मूत्राशयासोबत सहसा प्रोस्टेट आणि वीर्यकोशही काढतात, आणि लैंगिक क्षमतेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. हे तज्ज्ञांनी एका वाक्यात सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्या संध्याकाळी मी त्यांना एकट्याला बोलावले आणि त्यांनी विचारण्याची वाट न पाहता मीच विषय काढला. लैंगिक क्षमतेसाठी लागणाऱ्या नसा वाचवण्याचा प्रयत्न कोणत्या परिस्थितीत करता येतो, नंतर कोणती औषधे आणि साधने उपलब्ध असतात, दुसऱ्या मार्गात काय वेगळे घडते, हे सारे पत्नीसोबत बसून ऐकायचे का, असे विचारले. ते खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "हे विचारावं की नाही, यातच माझे चार दिवस गेले." दुसऱ्या दिवशी दोघेही आले. तासभर बोलणे झाले आणि बहुतेक प्रश्न पत्नीने विचारले.

त्यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग निवडला. केमोथेरपीच्या चार फेऱ्या झाल्या, मूत्राशय काढले गेले आणि आतड्याच्या छोट्या तुकड्यातून लघवीला पोटावर वाट करून देण्यात आली. तिथे पिशवी लावावी लागते. सुरुवातीचे सहा आठवडे अतिशय कठीण गेले. पिशवी रात्री गळली की ते कोणाला न उठवता एकटेच चादर बदलत. एका रात्री पत्नीने दिवा लावला आणि त्यानंतर हे काम दोघांचे झाले. शस्त्रक्रियेला आता सव्वा वर्ष झाले असून आतापर्यंतचे सर्व स्कॅन निर्दोष आहेत. ते पाचव्या महिन्यात कामावर रुजू झाले. पिशवी बदलल्याच्या तारखा त्याच डायरीत, यंत्रांच्या नोंदींशेजारी, आता शब्दांत लिहिलेल्या असतात.

त्यानंतर

माझ्या दवाखान्यात तीन गोष्टी बदलल्या. "बाकी सगळं ठीक ना?" हे मी बंद केले. चाळिशीपुढचा पुरुष जखमेसाठी येवो की प्रमाणपत्रासाठी, मी नेमके विचारतो : "गेल्या वर्षभरात लघवीत किंवा शौचाला रक्त दिसलं का? एकदा दिसून थांबलं असेल तरी सांगा." हे दुसरे वाक्य मी कधीही गाळत नाही, कारण खरे उत्तर बहुधा त्यानेच बाहेर येते. आठवड्यातून दोन दिवस दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा असतो. आणि जो कोणी दारापाशी वळून काही विचारतो, त्याला मी परत खुर्चीवर बसवतो. बाहेरच्या रांगेला थोडा वेळ थांबावे लागते. तेवढे मी पत्करले आहे.

मुलगा तीस वर्षांचा आहे. वडिलांच्या प्रत्येक तपासणीला तो सोबत येतो, सगळे कागद क्रमाने लावलेली फाईल त्याच्या हातात असते. गेल्या खेपेला वडिलांचे आटोपल्यावर मी त्याला म्हटले, "आता तू बस," आणि त्याचा रक्तदाब मोजला. १५२/९६ भरला. आठवड्याभराने पुन्हा मोजायला ये, असे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "बाबांचं एकदा नीट मार्गी लागलं ना डॉक्टर, की येतो." त्याला आज तीन आठवडे झाले. काल रात्री मी फोन केला, तो कामात होता. आज दवाखाना बंद करण्याआधी पुन्हा करणार आहे.